निम्म्या किमतीतली मेमरी

खिडकीच्या मधल्या गजाला, साधारण छातीच्या उंचीवर, एक बारीक बाक होता. पाण्यात अर्धवट बुडालेली काडी वाकडी दिसते, तेवढाच. तिने डावा डोळा तळहाताने झाकला. बाक वाढला. मग उजवा झाकला. बाक गेला, गज ओळंब्यासारखा सरळ झाला. पण त्याचा मधला बोटभर तुकडा नाहीसा झाला होता. त्या जागी ना गज होता ना पलीकडची भिंत, नुसता मळकट करडा रंग.

तिने हात खाली घेतला. गज वाकलेला नाही, हे तिला ठाऊक होते. त्यावरून बोट फिरवून तिने खात्री करून घेतली होती. चहाचे आधण ठेवले की रोज सकाळी ती ही तपासणी करायची. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी खरे तर त्यासाठी चौकटी छापलेला कागद दिला होता, पण तो कागद नवऱ्याच्या नजरेस पडला असता. गज कोणाच्या नजरेस पडत नाही.

“अगं, ऐकलंस का?”

नवरा दाढीचा फेस एका गालावर तसाच ठेवून स्वयंपाकघरात आला. हातात फोन होता.

“कॉम्प्युटरवाल्याचा निरोप आलाय. मेमरी निम्म्या किमतीत! आपल्यासारख्या जुन्या मशीनला बसणाऱ्या पट्ट्या आहेत, शेवटचा माल. फक्त आजचा दिवस.”

“आधी गाल पुसा. फोनला फेस लागतोय.”

“लागू दे. निम्म्या किमतीत म्हणतोय मी.”

“तो कॅमेऱ्याचा स्टँडही निम्म्या किमतीतच आला होता. तीन पाय, त्यातले दोनच उभे राहायचे.”

“तो स्टँड अजून चालतो.”

“हो, टॉवेल वाळत घालायला.”

तो हसला आणि फेसाचा एक ठिपका ओट्यावर पडला. तो तिला दिसला नाही. त्याने बोटाने पुसला तेव्हा कळले.

“थट्टा सोड. तूच म्हणत होतीस ना, मशीन अडतं, मशीन गोठतं, चुकलं तर मागं जाता येत नाही? कॉम्प्युटरवाला म्हणतो, मेमरी दुप्पट झाली की पाहिजे तेवढं मागं जाता येईल. आता औषध दारात आलंय तर तुझं आपलं भलतंच.”

“बोर्डाला चालेल का ती पट्टी? आपलं मशीन जुनं आहे.”

“विचारलं. चालते.”

“जुन्या पट्टीबरोबर नवी जमली पाहिजे. दोघींचा वेग वेगळा असला तर नवीलाही जुनीच्या वेगानं चालावं लागतं.”

“मग काय झालं? आपलं नाही का चाललंय इतकी वर्षं?” तो म्हणाला, आणि उरलेली दाढी करायला निघून गेला.

तिने चहा गाळला. कप थोडा डोळ्याच्या कडेला धरला की काठ नीट दिसायचा, हे ती आता शिकली होती.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि मागच्या खोलीत ती. स्टुडिओ सासऱ्यांनी काढलेला. पुढे नवरा फोटो काढायचा, मागे ती जुने, फाटलेले, बुरशी धरलेले फोटो दुरुस्त करायची; सुरुवातीला बारीक ब्रशने आणि शाईने, नंतर कॉम्प्युटरवर. आताशा लोक आपले फोटो आपणच काढत. पुढच्या खोलीतला पडदा दिवसचे दिवस हलत नसे. मागच्या खोलीचे काम मात्र टिकून होते, कारण मेलेल्या माणसाचा नवा फोटो कोणालाच काढता येत नाही. घर त्या खोलीवर चालले होते. आणि ती स्वतः कशावर चालली होती, असे कोणी विचारले असते तरी तिने त्याच खोलीकडे बोट दाखवले असते.

डॉक्टरीणबाईंना ती एकटीच भेटून आली होती. त्यांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचे चित्र दाखवून समजावले होते. आंधळेपण येणार नाही. चालाल, फिराल, माणसे ओळखाल, पण कडेकडेने. मधले बारीक दिसणे जे गेले ते गेले. इंजेक्शने लवकर सुरू केली तर उरलेले राखता येईल.

“काम काय करता?” त्यांनी विचारले होते.

“फोटो दुरुस्त करते.”

बाईंनी पेन खाली ठेवले. “ते आता सोडावं लागेल. पुढच्या वेळी घरचं कुणीतरी बरोबर आणा. इंजेक्शननंतर एकटं जाऊ देत नाही आम्ही.”

घरी येऊन तिने सांगितले, चष्म्याचा नंबर बदललाय. नवा चष्मा केलासुद्धा. पुन्हा ती तिकडे गेली नाही. घरचे माणूस न्यायचे म्हणजे सांगायचे, आणि सांगायचे म्हणजे मागची खोली बंद करायची. हातातले एवढे संपवू, मग सांगू, असे ती ठरवायची. पण हातातले संपायच्या आत दाराशी दुसरे येऊन उभे असायचे. गजाचा बाक पहिल्यांदा दिसला तेव्हा तो नीट निरखावा लागायचा. आता निरखावा लागत नव्हता.

मशीनवर खापर फोडायला तिने सुरुवात केली ती टँकरवाल्याच्या फोटोपासून.

तो दुधाचा टँकर चालवायचा. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून त्याने आईचा फोटो आणला होता. एकुलता एक. चेहऱ्यावर बुरशीचे ठिपके पसरलेले. सासऱ्यांनी हे काम शिकवताना तिला पहिला नियम सांगितला होता: “सूनबाई, फोटोवरचा डाग पुसायचा, माणसावरचा नाही. उलटं झालं तर गिऱ्हाइकाच्या घरी परकं माणूस जाईल.” त्यासाठी फोटो दिव्याखाली आडवा धरायचा. उजेड कडेने आला की बुरशी कागदाच्या चकाकीवर किंचित उठून दिसते. तीळ, व्रण, देवीचे वण कागदाच्या आत असतात, ते उठत नाहीत. सासरे गेल्यावरही तिने हा नियम एकदाही मोडला नव्हता. टँकरवाल्याच्या आईलाही तिने आडवे धरले होते. पण ज्या ठिपक्याकडे पाहावे तोच निसटायचा, आणि शेजारचे तेवढे दिसायचे. अखेर कंटाळून तिने अंदाजाने ठरवले आणि हनुवटी स्वच्छ करून टाकली.

टँकरवाल्याने फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला होता.

“झकास झालाय ताई. केसाची बट न् बट मोजून घ्यावी.” मग त्याने फोटो जरा लांब धरला. “पण आई नाही आली बघा.”

“म्हणजे?”

त्याने स्वतःच्या हनुवटीला अंगठा लावला. “इथं तीळ होता तिला. लहानपणी मी तो बेलसारखा दाबायचो. दाबला की ती ‘ट्रिंग’ करायची.”

तिच्या तोंडून निघून गेले, “अहो, मशीन अडकलं होतं त्या दिवशी. मेमरी कमी पडते त्याची. मग चुकलेलं मागं घेता येत नाही.”

“मशीनचं काय घेऊन बसलात ताई,” तो लगेच म्हणाला. “माझा टँकरसुद्धा चढावर असाच दगा देतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

त्याने तिची समजूत घातली, हेच तिला फार लागले. रागावला असता तर बरे झाले असते. तीळ तिने परत बसवला तेव्हा नवरा मागे उभा होता. “जरा डावीकडे घे,” तो म्हणाला. “अजून. आता थोडा खाली. बस.” एवढेच बोलला. त्या दिवसापासून मात्र तो जाईल तिथे मशीनला शिव्या देऊ लागला. किराणावाल्यापुढे, शेजाऱ्यांपुढे, फोनवर लांबच्या आतेभावापुढेही.

टँकरवाला निदान परत आला. जे आले नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न तिला भांडी घासताना, केस विंचरताना, कधीही गाठायचा. त्या काळात तिच्या हातून गेलेले फोटो आता कोणाकोणाच्या भिंतींवर होते. त्यांतल्या कोणाच्या भुवईवरची खोक तिने बुजवली असेल, कोणाच्या गालावरची खळी सुरकुती समजून सपाट केली असेल. घरातल्या लहान मुलांना ते चेहरे तसेच पाठ होतील. पणजीला तीळ होता, हे सांगणारे म्हातारे माणूस गेले की चूक हीच खरी गोष्ट होऊन बसेल. त्या भिंतींपर्यंत तिला आता पोचता येणार नव्हते.

आणि पुतणी. ती लागोपाठ दोन सुट्ट्यांत येऊन मागच्या खोलीत स्टुलावर बसायची. “काकू, मला शिकव ना गं.” “शिकवीन, आधी हात स्थिर होऊ दे,” असे हिने दोन्ही वेळा सांगितले. हात चांगला स्थिर होता पोरीचा. खरे एवढेच होते की काम करताना शेजारी कोणाचा श्वास ऐकू आलेला हिला चालत नसे. पुतणी आता विमानतळावर सामान तपासायच्या यंत्रापुढे बसते. तिच्या नजरेतून सुई सुटत नाही, असे दीर कौतुकाने सांगतात.

दुपारी जेवणे उरकल्यावर नवऱ्याने मशीनचा डबा सोडवला, कॅमेऱ्यावर पूर्वी टाकायच्या काळ्या कापडात गुंडाळला आणि बाळासारखा काखोटीला मारला.

“एवढं गुंडाळायला त्याला थंडी वाजतेय का?” ती म्हणाली.

“धूळ लागते. तूही चल. कॉम्प्युटरवाला म्हणाला, जो वापरतो त्याला घेऊन या.”

“मी कशाला? तुम्ही आहात की.”

“मला त्यातलं काय कळतं? मी फक्त पाकीट.”

रस्ताभर तो बोलत राहिला. मेमरी वाढली की ती एका वेळी दोन फोटो उघडू शकेल, मग मोठी कामे घेता येतील, मग पुढच्या खोलीला रंग काढता येईल. ती फुटपाथच्या कडेचा अंदाज घेत चालत होती. कडेला आले की तो नेमका त्याच वेळी आपला कोपर तिच्याकडे सरकवायचा. डब्याचे ओझे पेलतोय म्हणून असेल, असे तिने मानून घेतले.

कॉम्प्युटरवाल्याचे दुकान अरुंद होते आणि मशीनच्या पोटातल्या तारांनी भरलेले होते. त्याचा चष्मा कायम कपाळावर असायचा. त्याने डब्याचे झाकण उघडले, आत फुंकर मारली आणि स्वतःच शिंकला.

“काका, आत उंदीर पाळलाय का?” त्याने बॅटरी आत धरली. “ही बघा तुमची आत्ताची पट्टी. शेजारची खाच रिकामीच आहे. नवी बसेल, जुनीशी जमेलही.”

“बघ, म्हटलं नव्हतं?” नवरा तिला म्हणाला. “द्या टाकून.”

“टाकतो. पण आधी अडतं कुठं ते बघू या.”

“त्याची काय गरज आहे?”

“रोगी न बघता गोळी कशी देऊ? परवा एक जण आला. म्हणे, टाइप करताना मशीन अक्षरं खातं. कीबोर्ड बदलून दिला, तरी खातं. मग मी उभं राहून बघितलं, तर साहेबांची करंगळीच उचलत नव्हती. म्हटलं, नाचता येईना—”

“असतात हो कधीकधी अंगणंही वाकडी,” नवरा मधेच म्हणाला. आवाज जरा चढलेला होता.

 कॉम्प्युटरवाल्याने डब्याला दुकानातला पडदा जोडला, तारा लावल्या आणि पडद्याच्या एका कोपऱ्यात छोटीशी खिडकी उघडून ठेवली. मेमरी किती खर्च होतेय, ते तिथे दिसणार होते. मग त्याने खुर्ची पुसून पुढे केली.

“बसा काकू. चालू असलेलं काम उघडा. जिथं अडतं तिथं न्या, मग आपण पकडू त्याला.”

ती बसली. सध्याचे काम उघडले. बाकावर बसलेले जोडपे, मांडीवर दोन मुले, आणि ओल लागून पसरलेले डाग. दुकानातला पडदा घरच्यापेक्षा मोठा आणि लखलखीत होता. तिने बाईचा गाल जवळ आणला. गालावर काहीतरी होते. ती थेट पाहू लागली तर ते विरून गेले. तिने मान किंचित उजवीकडे वळवली, जणू दुकानातल्या घड्याळाकडे पाहतेय, तेव्हा ते डोळ्याच्या कडेला परत आले. डाग असेल. किंवा व्रण असेल. तिने माऊस त्या दिशेने नेला आणि तिथेच थांबवला.

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“अडलं का?” कॉम्प्युटरवाल्याने विचारले.

“नाही अजून.”

“करा की पुढं.”

तिने बोट दाबले. गालाचा एक तुकडा गुळगुळीत झाला. तो बरोबर तुकडा होता की नाही, हे तिला कळले नाही. तिने ते मागे घेतले. मशीनने ते लगेच, तक्रार न करता मागे घेतले. तिने पुन्हा दाबले, पुन्हा मागे घेतले.

कॉम्प्युटरवाला चष्मा डोळ्यांवर ओढून कोपऱ्यातली छोटी खिडकी पाहत होता. “काकू, निम्मीसुद्धा मेमरी वापरात नाही. अडत तर काहीच नाहीये.” तो गोंधळून हसला. “मशीन उलट तुमची वाट बघत बसलंय.”

 माऊसवर तिचा हात तसाच होता. मागे उभ्या असलेल्या नवऱ्याचा श्वास तिला स्पष्ट ऐकू येत होता.

“घरी अडतं,” नवरा म्हणाला. “घरी उकाडा असतो. तुम्ही टाका ती पट्टी.”

“काका, मला तर विकायचीच आहे. उद्यापासून तिला कुणी हिंग लावून विचारणार नाही. पण पट्टी टाकून फरक पडला नाही तर तुम्ही परत येणार, आणि मग शिव्या मला खाव्या लागणार.”

“नाही येणार.”

“असं सगळेच म्हणतात.”

“फरक नाही पडला तरी नाही येणार. आम्ही कुणी काही म्हणणार नाही. तुम्ही टाका.” त्याने पाकीट काढले. बोटांना घाई झाली होती. पाकिटातून काहीतरी खाली पडले, ते त्याने उचललेही नाही.

तेव्हा तिला कळले. डावीकडे घे, अजून, थोडा खाली. फुटपाथच्या कडेला पुढे आलेला कोपर. ओट्यावरचा फेस तिच्याआधी पुसणारे बोट. शेजाऱ्यापाजाऱ्यांत मशीनच्या नावाने केलेला तो सगळा आरडाओरडा. त्याला कधीच ठाऊक झाले होते. तिने सांगितले नाही म्हणून त्याने विचारले नाही, आणि आता तो भर दुकानात एका निरोगी मशीनसाठी औषध विकत घ्यायला निघाला होता, म्हणजे अजून काही दिवस विचारावे लागू नये. ती एकटीने लपवत होती असे तिला वाटत होते. दोघे मिळून लपवत होते. आणि दोघांच्या त्या भल्या गप्पपणात तिच्या डोळ्यांतले, जे राखता आले असते ते, रोज थोडे थोडे जात होते.

तिने फोटो बंद केला. बदल राखून ठेवायचे का, असे मशीनने विचारले. अक्षरे वाचता आली नाहीत, पण प्रश्न तिला पाठ होता. तिने ‘नाही’ची जागा अंदाजाने दाबली. बाई, तिचा नवरा, मुले, बाक, सगळे डागांसकट नाहीसे झाले.

कॉम्प्युटरवाला नवी पट्टी वेष्टनातून काढून तिच्या कडा पुसत होता. “मग काय ठरलं? बसवू ना?”

“बसवा, बसवा,” नवरा म्हणाला.

“थांबा,” ती म्हणाली.

ती खुर्चीतून वळली. समोर पाहिले तर नवऱ्याच्या चेहऱ्याचा मधला भाग करडा होता. म्हणून तिने त्याच्या कानाकडे पाहिले, आणि मग त्याचे डोळे तिला दिसले. ते भरले होते. मान हलवून तो नको, नको, म्हणत होता. इथे नको, आत्ता नको.

“अहो, पाकीट आत ठेवा,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. “मशीनला काही झालेलं नाही. मला दिसत नाही. फोटोचं काम मी आजपासून सोडलं.”